न चोरलेल्या सायकलीची कबुली

हिंदुराव जगदाळे बत्तीस वर्षं सातारा जिल्ह्यात पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले आणि जमादार होऊन निवृत्त झाले. बायको अनुसया गेल्यावर दोन वर्षं त्यांनी कोरेगावला एकट्यानं काढली. मग विम्याच्या कचेरीत अधिकारी असलेला त्यांचा मुलगा प्रभाकर एक दिवस आला, घराला कुलूप घातलं आणि त्यांना जयपूरला घेऊन गेला. हे पंच्याऐंशी सालचं.

तिलक नगरमध्ये प्रभाकरनं तळमजल्यावरच्या तीन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. घरात तो, त्याची बायको मधुमती आणि नऊ वर्षांची विभा. मधुमती सासऱ्यांचं सगळं वेळेवर करायची, पण दिवसभर बोलायला कुणी नव्हतं. हिंदुरावांचं हिंदी मोडकंतोडकं, आणि कॉलनीतल्या निवृत्त मंडळींच्या गप्पा पेन्शन आणि गुडघेदुखी यांच्यापलीकडे जात नसत. जयपुरात आपलं म्हणावं असं ठिकाण त्यांना पहिल्यांदा सापडलं ते दोन गल्ल्या सोडून असलेल्या पोलीस चौकीत. तिथला हेड कॉन्स्टेबल बनेसिंह त्यांना पाहताच उठून उभा राहायचा, "आइए जमादार साहब" म्हणायचा आणि चहा मागवायचा. भिंतीवरच्या खिळ्यांना टोप्या, कोपऱ्यात काठ्या, चामड्याच्या पट्ट्यांचा वास. सगळं कोरेगावच्या ठाण्यासारखंच होतं.

संध्याकाळी फिरायला जाताना ते विभाला बरोबर घ्यायचे. तिचं मराठी शाळेतल्या हिंदीत बुडालेलं होतं, दर दुसऱ्या वाक्याला 'मतलब' यायचं, पण आजोबांच्या गोष्टी तिला समजायच्या. पुरातून वाहून चाललेली म्हातारी त्यांनी कशी ओढून काढली, हरवलेलं पोर खांद्यावर घेऊन तीन गावं कशी पालथी घातली. या गोष्टी खऱ्या होत्या. चौकीवरून जाताना ते तिला सांगायचे, "हे आपलं घर समज. रस्ता चुकलीस, काई झालं, कुनी तरास दिला, तर खाकी कपडा बघायचा आन सरळ त्याच्या म्होरं जाऊन उभं ऱ्हायचं. घाबरायचं न्हाई."

विभा नुसती घाबरत नव्हती असं नाही, तिला त्याचा तोराही होता. वर्गात तिनं सांगून ठेवलं होतं की माझे आजोबा पोलीस आहेत.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात विभाची सायकल गेली. लाल रंगाची, पुढं टोपली असलेली, वाढदिवसाला मिळालेली. रात्री फाटकाच्या आत होती, सकाळी नव्हती. विभा रडली. प्रभाकर म्हणाला, शाळेच्या बसनं जा, बघू पुढं. पण हिंदुरावांनी कोट चढवला. "चौकीत जाऊ. आपलीच मान्सं हायेत," ते म्हणाले आणि विभाला घेऊन निघाले. तिनं हे बघावं, तक्रार कशी करायची, पोलीस ती कशी लिहून घेतात, हे तिला कळावं असं त्यांना वाटत होतं.

बनेसिंहानं विभाला उचलून टेबलावर बसवलं आणि खिशातून पेपरमिंट काढून दिलं. "बोलो बेबी, सायकल को हाथ कौन-कौन लगाता है?"

विभानं नीट विचार केला. खोटं बोलायचं नाही, काही विसरायचं नाही, असा तो विचार होता. "मैं, मम्मी, पापा," ती म्हणाली. "और छीतर काका. वो हवा भरते हैं."

छीतरमल हा कॉलनीच्या तोंडाशी कडुलिंबाच्या झाडाखाली बसणारा पंक्चरवाला. पन्नाशीचा, कानात चांदीच्या मुरक्या, पुढ्यात पाण्याची लोखंडी कढई आणि एक पंप. पोरांच्या चाकांत तो फुकट हवा भरायचा. विभाच्या सायकलची घंटी वाजेनाशी झाली तेव्हा त्यानं ती उघडून, तेल घालून परत बसवून दिली होती.

बनेसिंहानं वहीत काही लिहिलं आणि दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे नुसतं पाहिलं. शिपाई टोपी घेऊन बाहेर पडला. ती नजर हिंदुरावांना ठाऊक होती. बत्तीस वर्षांत त्यांनी ती घेतली होती आणि दिलीही होती. आता मध्ये पडून म्हणावं, बाबा रे, नुसता हवा भरतो तो, असं त्यांच्या मनात आलं. पण समोर चहा आला होता आणि बनेसिंह मोठ्या आदरानं साताऱ्याकडच्या बंदोबस्ताबद्दल विचारत होता. त्यांनी चहा घेतला. वाटेत विभाला म्हणाले, "शाबास. सरळ बोललीस."

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली कुणी नव्हतं. कढई पालथी पडली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बनेसिंह स्वतः घरी आला, दारातच छाती काढून म्हणाला, "कबूल कर लिया, साहब. सायकल चौमूं गावाला नेऊन विकली म्हणतो. एक-दोन दिवसांत वसूल करून आणतो." प्रभाकरनं त्याचे आभार मानले. मधुमतीनं लाडू दिला. विभा पडद्याआडून ऐकत होती. छीतर काकांनी माझी सायकल नेली, असं ती आईजवळ दोनदा म्हणाली. पटत नसल्यासारखं ती ते म्हणून बघत होती.

चौथ्या दिवशी सकाळी घरमालकांचा पुतण्या सायकल ढकलत फाटकातून आत आला. तो वरच्या मजल्यावर राहायचा आणि इंजिनियरिंग शिकायचा. सायकल गेली त्या दिवशी पहाटे त्याला आदर्श नगरमध्ये मित्राकडे जायचं होतं, रिक्षा मिळेना, म्हणून समोर दिसली ती सायकल घेतली. तिथं ती पंक्चर झाली. मग परीक्षा आली. सांगायचं राहून गेलं. "सॉरी अंकल," तो हसत म्हणाला, "बेबीला मी आइसक्रीम देईन." प्रभाकरही हसला. सापडली ना, झालं, असं म्हणून तो कचेरीला गेला.

हिंदुराव मात्र हसले नाहीत. त्यांनी विभाला हाक मारली. "चल, चौकीत जाऊन सांगू. चूक झाली तर कबूल करायची असती." त्यांच्या मनात तेव्हाही हेच होतं की पोरीनं बघावं, पोलीस चूक सुधारतात. पुढं कितीतरी महिने त्यांना स्वतःच्या या खुळेपणाची चीड येत राहिली. एकटं जायला हवं होतं.

चौकीच्या व्हरांड्यात छीतरमल भिंतीला टेकून बसला होता. पाय पुढं पसरलेले, टाचा जमिनीपासून जराशा उचललेल्या. अंगावर कुठं ओरखडा नव्हता, कपडेही फाटलेले नव्हते. विभाला काही दिसलं नसतं. पण हिंदुरावांना त्या उचललेल्या टाचांवरून कळलं. तळपायांवर मारलं की बाहेर काही दिसत नाही आणि माणसाला पाऊल टेकवत नाही. ही गोष्ट त्यांना कुणी सांगायला नको होती.

त्यांनी बनेसिंहाला सायकलचं सांगितलं. तो खो खो हसला. "घ्या, आणि यानं तर गिऱ्हाइकाचं नावसुद्धा सांगितलं होतं." मग त्याला विभा दिसली. तो व्हरांड्यात आला आणि छीतरमलला बुटाच्या टोकानं ढोसलं. "उठ. हाथ जोड़. बेबी छुड़ाने आई है तुझे."

छीतरमल भिंतीला धरून उठला. एक पाऊल टाकताच त्याचं तोंड वेडंवाकडं झालं आणि तो पुन्हा वाकला. मग तसाच वाकलेला, त्यानं विभापुढं हात जोडले. "जीती रहो, बाईसा," असं काहीतरी तो पुटपुटला. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

विभानं आजोबांचा हात सोडला आणि ती व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

"बनेसिंह, हे बरं न्हाई झालं," हिंदुराव म्हणाले.

"जमादार साहब," तो अदबीनंच म्हणाला, "आप तो महकमे के आदमी हैं. आपको क्या समझाऊँ." तुम्ही तर खात्यातलेच, या बोलण्यात टोमणा नव्हता. हिंदुराव पायऱ्या उतरले.

घरी येताना विभा रस्त्याच्या कडेनं, त्यांच्यापासून दोन हात लांब चालत होती. लिंबाजवळ आल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, त्यांनी चोरी केली नव्हती, तर हो का म्हटलं?"

"मारल्यावर मानूस म्हनतो, पोरी."

"मी नाव सांगितलं म्हणून मारलं?"

"न्हाई. तुझी काई चूक न्हाई."

लिंब मागं पडल्यावर ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही पण असं करायचात?"

"न्हाई गं," हिंदुराव म्हणाले. इतक्या पटकन, की त्यांनाच ते ऐकायला विचित्र वाटलं.

"बरं," विभा म्हणाली.

दोन दिवसांनी ते छीतरमलला शोधायला गेले. विचारत विचारत वस्तीत पोचले, तर खोलीला कडी होती. शेजारणीनं पदर पुढं ओढून, दाराआडूनच सांगितलं की त्याची बायको त्याला गाडीत घालून गावाला घेऊन गेली. कुठलं गाव, हे ती सांगेना. हिंदुरावांची ताठ पाठ, कापलेल्या मिशा, चालायची पद्धत बघून तिनं ओळखलं असावं की हा कोण माणूस आहे. पुढं लिंबाखाली दुसरा कुणी येऊन बसला. पोरं त्याच्याकडे जाऊ लागली. विभा सायकलला हात लावीना. मागच्या अंगणात ती तशीच उभी होती, चाकांतली हवा बसत गेली.

आणि गोष्टी थांबल्या. विभा मागत नव्हती. हिंदुरावांनी एकदा आपणहून पुराची गोष्ट सुरू केली तेव्हा ती ऐकत होती, पण पाहुण्यांचं बोलणं ऐकावं तशी. मध्ये एकही प्रश्न आला नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीनं घरी आल्यावर विचारलं, "तेरे दादाजी पुलिस में हैं न?" तर विभा म्हणाली, "नहीं, रिटायर हो गए." मग तिनं विषय बदलला.

हिंदुरावांना झोप लागेनाशी झाली. डोळा लागला की वडूजचा पंढरीनाथ समोर यायचा. देवळात दिवाबत्ती करणारा गरीब माणूस. देवळातली पितळी समई गेली म्हणून त्याला आणलं होतं, आणि त्याचे पाय धरून ठेवायचं काम तरुण हिंदुरावांकडे होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं कबूल केलं. महिन्यानं समई ट्रस्टींच्याच माडीवर सापडली, घासायला म्हणून नेलेली. पंढरीनाथाला सोडून दिलं. त्यानंही जाताना हात जोडले होते. तेव्हा सगळ्या ठाण्याला त्याचं हसू आलं होतं. हिंदुरावांनाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी विभा अंगणात अभ्यास करत बसली होती. ते तिच्याजवळ जाऊन खुर्चीवर बसले.

"विभा, मी त्या दिवशी खोटं बोललो."

तिनं पेन्सिल थांबवली.

"मी बी मारायचो," ते म्हणाले.

"मतलब, पायांवर?"

"व्हय. पायावर बी."

"किती जणांना?"

"मोजलं न्हाई."

"त्या सगळ्यांनी चोरी केली होती?"

"काहींनी केली हुती." ती वाट बघत राहिली, म्हणून त्यांना पुढं बोलावं लागलं. "काहींनी न्हाई."

"मग त्यांना सॉरी म्हटलं?"

"न्हाई," हिंदुराव म्हणाले.

विभानं वही मिटली, पेन्सिल कंपासपेटीत ठेवली आणि आत गेली. त्यांना वाटलं होतं की खरं सांगितलं की तिचं मन हलकं होईल, निदान आपलं तरी. तसं काही झालं नाही. त्या दिवसापासून ती त्यांच्या खोलीत दूध ठेवायला यायची तेव्हा पेला दाराजवळच्या स्टुलावर ठेवून जायची, हातात देत नसे. मधुमतीच्या हे लक्षात आलं. तिनं विचारलं, "मामंजी, काही झालंय का तुमच्यात?" ते म्हणाले, "पोरगी मोठी व्हायला लागली."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मधुमतीनं दोघांना मोती डुंगरीच्या गणपतीला पाठवलं. विभा आईचं ऐकायची, म्हणून गेली. दर्शन झालं. परत येताना, अकराच्या सुमारास, चौकाच्या अलीकडे हिंदुरावांचा डावा पाय एकाएकी परक्यासारखा झाला. त्यांनी विजेच्या खांबाला धरायला हात पुढं केला, तर डावा हात उठेना. ते फूटपाथवर कुशीवर कोसळले. प्रसादाचा द्रोण उलटा झाला.

शुद्ध गेली नव्हती. त्यांना सगळं दिसत होतं, फक्त जमिनीच्या उंचीवरून. विभा त्यांच्यावर वाकली, "आजोबा, आजोबा" म्हणाली. त्यांना बोलता येत नव्हतं, जीभ जड झाली होती. तिनं इकडं तिकडं पाहिलं. रस्ता रविवारचा, रिकामा. दोन स्कूटर गेल्या, दारू प्यालेला समजून वळसा घालून गेल्या. आणि तीसएक पावलांवर, चौकाच्या मधोमध, वाहतुकीचा पोलीस उभा होता, यांच्याकडे पाठ करून.

विभानं त्याला पाहिलं. हिंदुरावांनी तिला पाहताना पाहिलं. हाक मार, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ती उठली आणि पळाली. त्याच्याच दिशेनं, कारण घराचा रस्ता तोच होता. पावलांच्या आवाजानं पोलीस वळला. पळत येणारी, रडवेली पोर बघून तो खाली वाकला, त्यानं एक हात पुढं केला, काहीतरी विचारलं. विभानं त्याला टाळून मोठा वळसा घेतला. तिनं रस्त्याच्या पार पलीकडची कड धरली आणि ती आणखी जोरात पळत सुटली. पोलीस तिच्याकडे बघत तसाच उभा राहिला. मग एक बस आली आणि त्यानं हात वर केला.

घर तिथून दीड मैलावर होतं. प्रभाकर स्कूटर घेऊन पोचला तोवर पाऊण तास गेला होता. मधल्या वेळात कुणा फुलवालीनं आरडाओरडा केला, तेव्हा त्या पोलिसाचं लक्ष गेलं. त्यानंच हिंदुरावांना उचलून सावलीत ठेवलं, डोक्याखाली आपली टोपी सारली आणि एक जीप अडवली. प्रभाकर आला तेव्हा त्यांना जीपमध्ये चढवत होते.

इस्पितळात सतरा दिवस गेले. जीभ सुटली, पण डावा हात आणि पाय तसेच राहिले. "जरा आधी आणलं असतं तर?" असं प्रभाकरनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "काही सांगता येत नाही." त्या उत्तरानं प्रभाकरचं समाधान झालं नाही. त्याला तेव्हापासून एकच विचार कुरतडत होता: चौकात पोलीस असताना विभा घरापर्यंत का पळत आली.

घरी आणल्यावर आठवड्यानं तो पोलीस भेटायला आला. देवराम त्याचं नाव. तिशीचा, चौमूंकडचा, साधे कपडे घालून आलेला. त्यानं पिशवीतून पेरू काढून ठेवले आणि पलंगाजवळच्या खुर्चीत अगदी कडेला बसला. "बाबूजी, बच्ची माझ्या समोरून गेली," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "मी विचारलं, क्या हुआ बेटा. ती बोललीच नाही. एक शब्द बोलली असती तर मी तेव्हाच जीप आणली असती. चौक सोडून मागं जाता येत नाही, नाहीतर मी तिच्यामागं गेलो असतो. मला झोप लागत नाही, बाबूजी."

प्रभाकरनं विभाला हाक मारली. "विभा, बाहेर ये. अंकलना थँक्यू म्हण." ती आली नाही. तो उठून गेला, दार ढकललं. दाराला आतून कडी होती.

"राहू द्या साहेब," देवराम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "बच्चे डरते हैं. मी तर कधी कुणा पोराला रागावलो पण नाही." आपण काय केलं हे त्याला समजत नव्हतं, आणि ते त्याला समजावून सांगेल असा घरात एकच माणूस होता. हिंदुरावांनी उजव्या हातानं त्याचा हात धरला. "तुम्ही काई केलं न्हाई," एवढंच ते म्हणाले. त्याला मराठी कळलं की नाही, कुणास ठाऊक. तो चहा न संपवताच गेला.

तो गेल्यावर प्रभाकरचा इतक्या दिवसांचा राग बाहेर आला. विभानं दार उघडलं तसा तो तिला आजोबांच्या पलंगासमोर घेऊन आला. "समोर पोलीस उभा होता. तुला विचारत होता. तू का नाही सांगितलंस? सांग आता."

विभा पायांच्या बोटांकडे बघत उभी होती. मधुमती मध्ये पडायला आली, प्रभाकरनं तिला हातानं थांबवलं.

"त्यांनी विचारलं असतं, किसने किया," विभा म्हणाली. "मग मी कुणाचं नाव सांगणार होते?"

प्रभाकरनं बापाकडे पाहिलं, आणि हिंदुरावांनी नजर चुकवली नाही. "तिला इचारू नगंस," ते म्हणाले. "इचारायचं आसंल तर मला इचार." पण प्रभाकरनं त्यांनाही कधी काही विचारलं नाही.

एप्रिलपर्यंत हिंदुराव काठी घेऊन पाय ओढत चालायला लागले. डॉक्टरांनी रोज फिरायला सांगितलं होतं. संध्याकाळी विभा त्यांना घेऊन जायची. न चुकता, न कुरकुरता. डाव्या बाजूनं चालून ती त्यांचा लुळा हात आपल्या हातात धरायची, कारण त्या बाजूला त्यांचा तोल जायचा. बोलणं व्हायचं ते शाळेचं, गणिताच्या बाईंचं. मोठ्या रस्त्याला लागायच्या आधीच्या गल्लीतून ती वळायची, तिथून चौकही दिसत नसे आणि चौकीही. तो रस्ता खड्ड्यांचा होता, काठी अडकायची, आणि त्यांना दम लागायचा. हिंदुराव तसेच चालत राहायचे. सरळ रस्त्यानं जाऊ, असं त्यांनी तिला कधी म्हटलं नाही.